सॉफ्टवेअर वितरण सर्व्हर : निवृत्ती व बदली

संस्थेच्या ताब्यातील संगणकांना व मोबाइल उपकरणांना लागणारी पॅकेजे, अपडेट आणि इन्स्टॉलर साठवून ते ठरल्या वेळी किंवा मागणीनुसार पुरवणारा सर्व्हर. निरनिराळ्या उत्पादनांत त्याला वितरण बिंदू, डेपो किंवा रिपॉझिटरी अशी नावे आहेत. ज्या उत्पादनाचा हा सर्व्हर भाग असतो त्याचा विकास किंवा आधार निर्माता थांबवतो, तेव्हा सर्व्हरची कामे दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवावी लागतात. प्रस्तुत नोंद या बदलीविषयी आहे.

उगम : या सर्व्हराचा आरंभ नेमका कोठे मानावा याबद्दल एकवाक्यता नाही. युनिक्सच्या परंपरेकडे पाहणारे तो बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधील ४.३ बीएसडी आवृत्तीत (१९८६) आलेल्या ‘आरडिस्ट’पर्यंत मागे नेतात. एका मुख्य यंत्रावरील फाइली इतर यंत्रांवर ढकलणे आणि बदललेल्या तेवढ्याच पाठवणे, हे त्याचे काम. कार्नेगी मेलन विद्यापीठात साधारण त्याच दशकात तयार झालेल्या ‘सप’ या प्रोटोकॉलने दिशा उलटी केली. तेथे क्लायंट यंत्र स्वतः सर्व्हरकडे जाऊन नव्या फाइली ओढून घेई. आजची बहुतेक वितरण यंत्रणा या ओढून घेण्याच्या पद्धतीवरच चालते. त्यामुळे पूर्वज म्हणून आरडिस्टपेक्षा सपचा दावा वरचढ ठरतो.

दुसरे मत कार्यालयीन लॅनकडे बोट दाखवते. मायक्रोसॉफ्टचे सिस्टम्स मॅनेजमेंट सर्व्हर (१९९४) हे त्याचे नेहमीचे उदाहरण. वितरण बिंदू ही संज्ञा विंडोजच्या व्यवस्थापकांत रुळली ती याच घराण्यातून. पुढे ते कॉन्फिगरेशन मॅनेजर या नावाने चालू राहिले. १९९६ मध्ये मारिम्बा कंपनीने ‘कास्टानेट’मधून ट्रान्समीटर (पुरवणारा सर्व्हर) व ट्यूनर (घेणारा क्लायंट) ही जोडी आणली. पुढच्याच वर्षी मारिम्बा व मायक्रोसॉफ्ट यांनी पॅकेजाचे वर्णन करणारी एक्सएमएल भाषा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमपुढे मांडली. त्या काळी तिचा बराच गाजावाजा झाला. वापर मात्र मर्यादितच राहिला.

या दोन मतांच्या मध्ये पॉसिक्स १३८७.२ (१९९५) हे युनिक्सवर्गीय प्रणालींसाठीचे मानक सहसा दुर्लक्षित राहते. ह्यूलेट-पॅकार्डच्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूटरचा आधार घेऊन ते रचले गेले. काय बसवायचे हे ठरवणारा व्यवस्थापक, पॅकेज जेथून येते तो स्रोत आणि जेथे बसते ते लक्ष्य, अशा भूमिका त्यात वेगळ्या केल्या आहेत. मानक म्हणून ते फारसे रुजले नाही. तरी संकल्पनेचा उगम एखाद्या उत्पादनात शोधण्यापेक्षा या भूमिकाविभागणीत शोधणे अधिक फलदायी वाटते, कारण बदलीच्या वेळी येणाऱ्या बहुतेक अडचणी या भूमिका एकाच यंत्रात कोंबल्यामुळे निर्माण होतात.

तीन कामे : वितरण सर्व्हर पॅकेजांचा साठा ठेवतो, ती उपकरणाच्या जवळून व जाळ्यावर कमी भार टाकून पोचवतो आणि कोणते पॅकेज कोणत्या गटाला द्यायचे याची मंजुरी सांभाळतो. निर्माता सर्व्हर बंद करताना जो पर्याय सुचवतो, तो बहुधा साठा आणि पोहोच यांचा असतो. मंजुरीचे काम त्यात एक तर दुसऱ्या रूपात येते किंवा येतच नाही.

निवृत्त झालेले सर्व्हर : मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये सॉफ्टवेअर अपडेट सर्व्हिसेस आणली. २००५ मध्ये तिची जागा विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस (डब्ल्यूसस) या सेवेने घेतली. डब्ल्यूससमध्ये यापुढे नवी वैशिष्ट्ये येणार नाहीत, असे कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. याचा अर्थ ती बंद झाली असा घेणे चूक ठरेल. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये ती आहे आणि तिला सुरक्षा दुरुस्त्याही मिळतात. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-५९२८७ या क्रमांकाने नोंदवलेल्या गंभीर सुरक्षा दोषासाठी मायक्रोसॉफ्टला नियमित वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती काढावी लागली. विकास थांबलेला सर्व्हर जाळ्यात ठेवण्याची जोखीम त्यातून पुरेशी स्पष्ट झाली.

अ‍ॅपलच्या सर्व्हर उत्पादनात स्थानिक अपडेट सेवा मॅक ओएस एक्स १०.४ पासून (२००५) होती. तिच्यात व्यवस्थापक एकेक अपडेट मंजूर करू शकत असे. २०१७ च्या हाय सिएरा या मॅक आवृत्तीत कंटेंट कॅशिंग मूळ प्रणालीत आले. २०१८ मध्ये सर्व्हर उत्पादनातील अनेक सेवा वगळण्याचे जाहीर झाले आणि एप्रिल २०२२ मध्ये ते उत्पादनच बंद झाले. कॅशिंगमुळे पोहोचेचे काम उत्तम होते, पण त्यात मंजुरी नाही. एखाद्या उपकरणाने मागितलेले सामान ते साठवते आणि पुढच्याला देते. मुक्त स्रोतातील ‘रेपोसाडो’ने अ‍ॅपलच्या कॅटलॉगची (अपडेटच्या यादीची) स्थानिक प्रत ठेवून ही उणीव काही वर्षे भरून काढली. परंतु बिग सर या मॅक आवृत्तीपासून (२०२०) संगणकाला स्वतःच्या कॅटलॉगकडे वळवण्याची सोय अ‍ॅपलने काढून घेतल्यावर तो मार्गही संपला.

लिनक्सच्या बाजूला यंत्रांना पॅकेजे पुरवणारा स्पेसवॉक हा प्रकल्प मे २०२० मध्ये थांबला. त्याचे वापरकर्ते मुख्यतः दोन वाटांनी गेले : सुसेच्या पाठबळावरील ‘उयुनी’ ही त्याचीच शाखा, अथवा फोरमन व काटेलो या व्यवस्थापन साधनांची जोडी. जॅम्फच्या उपकरण व्यवस्थापनातील स्वतंत्र वितरण सर्व्हर (जेडीएस) हेही याच मालिकेतले. एक मूळ सर्व्हर आणि त्याच्याकडून साठा घेणारे उपसर्व्हर अशी त्याची रचना होती. त्याच्या जागी क्लाउड वितरण बिंदू किंवा साधा फाइल शेअर वापरावा लागतो.

पॅकेजाचे रूप : मॅकच्या बाबतीत बदलीचे सर्वांत किचकट अंग हेच आहे आणि माहितीपत्रकांत ते एका ओळीत उरकलेले असते. जुन्या पद्धतीचे मॅक पॅकेज दिसायला एक फाइल असले, तरी प्रत्यक्षात तो फोल्डर असतो. एएफपी किंवा एसएमबी या फाइल-वाटप प्रोटोकॉलवरील शेअर जोडून घेतला की हा फोल्डर जसाच्या तसा दिसतो आणि इन्स्टॉलर चालतो. एचटीटीपी मात्र एका पत्त्यावर एकच फाइल देते. तिच्यावरून फोल्डर सलगपणे उतरत नाही. मॅक ओएस एक्स १०.५ आवृत्तीपासून (२००७) आलेले सपाट पॅकेज ही झार स्वरूपातील एकच संग्रह-फाइल असल्याने तिला ही अडचण येत नाही.

म्हणून फाइल शेअरवरून एचटीटीपीवर जाताना फोल्डर-रूपातील प्रत्येक पॅकेज नव्याने बांधावे लागते, किंवा झिप वा डिस्क इमेजमध्ये गुंडाळावे लागते. कसेही केले तरी हॅश (फाइलच्या आशयावरून काढलेली ओळखखूण) बदलतो आणि व्यवस्थापन प्रणालीतील जुनी नोंद निरुपयोगी होते. स्वाक्षरीचाही प्रश्न आहे. मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंटच्या (उपकरणे दुरून सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) आज्ञेने मॅकवर बसवायचे पॅकेज स्वाक्षरी केलेले लागते. सोबतच्या मॅनिफेस्टमध्ये (पॅकेजाचे वर्णन करणाऱ्या फाइलीत) एचटीटीपीएस पत्ता आणि फाइलच्या तुकड्यांचे हॅश द्यावे लागतात. संस्थेने वर्षांनुवर्षे घरी बांधलेली पॅकेजे बहुधा या कसोटीला उतरत नाहीत. उलट दिशेची अडचणही नोंदवण्यासारखी आहे : मॅकवरूनच एएफपी शेअर चालवणाऱ्यांना बिग सरमध्ये ती सेवा राहिली नसल्याने एसएमबीकडे वळावे लागले.

मंजुरीचे स्थलांतर : डब्ल्यूससचा साठा एका फोल्डरमध्ये असतो. फाइलींची नावे त्यांच्या हॅशवरून आणि उपफोल्डरांची नावे त्या हॅशच्या शेवटच्या दोन चिन्हांवरून पडतात. हा फोल्डर नव्या यंत्रावर नकलून काहीच साधत नाही, कारण कोणती फाइल कोणत्या अपडेटची आणि ती कोणाला मंजूर, हे सर्व डेटाबेसमध्ये असते. रूढ मार्ग असा : नवा सर्व्हर आधी जुन्याचा प्रतिकृती सर्व्हर म्हणून जोडायचा, मंजुऱ्या व गट उतरू द्यायचे आणि नंतर त्याला स्वायत्त करायचे. गटांची नावे येतात, पण गटातील संगणकांची नेमणूक येत नाही. ती धोरणातून पुन्हा करावी लागते.

वरील मार्ग जुन्याच जातीचा सर्व्हर नव्या यंत्रावर नेण्यापुरता आहे. मायक्रोसॉफ्ट सुचवते त्या इंट्यून व ऑटोपॅच या क्लाउड सेवांकडे (सर्व्हरांसाठी अझूर अपडेट मॅनेजरकडे) जाताना मंजुऱ्यांचा इतिहास सोडून द्यावा लागतो. वैयक्तिक संगणकांच्या बाबतीत एकेका अपडेटच्या मंजुरीऐवजी मुख्यतः विलंबाचे दिवस ठरवले जातात : विंडोजच्या मासिक अपडेटसाठी कमाल ३०, नव्या आवृत्तीसाठी ३६५. अ‍ॅपलच्या उपकरणांवर हीच मर्यादा ९० दिवसांची आहे. विलंब म्हणजे नकार नव्हे, हे व्यवस्थापकांना बहुधा पहिले सदोष अपडेट आल्यावर उमगते. साठा व पोहोच यांसाठी डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (शेजारच्या संगणकांकडून तुकडे घेणे) आणि कनेक्टेड कॅश या सोयी आहेत.

याच्या उलट टोकाला ‘मंकी’ हे मॅकसाठीचे मुक्त साधन आहे. त्याला लागतो तो कोणताही साधा वेब सर्व्हर. मंजुरी ही कॅटलॉग व मॅनिफेस्ट नावाच्या मजकूर-फाइलींत असते, चाचणी व प्रत्यक्ष वापर यांचे कॅटलॉग वेगळे ठेवता येतात. त्यामुळे यंत्र बदलले तरी फोल्डर नकलून पत्ता बदलला की काम संपते. काटेलोमध्येही साठ्याच्या आवृत्त्या गोठवून त्या टप्प्याटप्प्याने पुढे सरकवता येतात. संकलकाच्या मते मंजुरी साठ्याबरोबर वाचता येण्याजोग्या रूपात ठेवणाऱ्या या रचना निर्मात्याच्या निर्णयापासून संस्थेला अधिक सुरक्षित ठेवतात. मात्र त्यांची देखभाल संस्थेलाच करावी लागते.

पत्त्यांचा बदल : उपकरणे जुन्या सर्व्हरकडे धोरण, प्रोफाइल किंवा रजिस्ट्रीतील नोंदीवरून जातात. डीएनएसमधील (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या सेवेतील) टोपणनाव नव्या यंत्राकडे वळवणे सोपे. पण एचटीटीपीएस असल्यास नव्या प्रमाणपत्रात ते नाव हवे, नाहीतर प्रत्येक उपकरण जोडणी नाकारते. धोरण काढून घेतल्यावरही हाताने किंवा जुन्या स्क्रिप्टने लिहिलेली नोंद मागे राहू शकते. असा संगणक बंद पडलेल्या पत्त्याकडे विचारणा करत राहतो. वापरकर्त्याला काही वेगळे जाणवत नाही, फक्त अपडेट येणे थांबते. म्हणून जुना सर्व्हर नवी पॅकेजे न घालता काही काळ चालू ठेवतात आणि त्याच्या लॉगमध्ये कोण येते ते पाहतात. लॉग रिकामा झाल्यावर सेवाखाते, फायरवॉलचे नियम व प्रमाणपत्रे काढून टाकली जातात.

तुटक जाळी : इंटरनेटशी न जोडलेल्या जाळ्यांत क्लाउड वितरण बिंदू उपयोगाचा नाही. डब्ल्यूससमध्ये मेटाडेटा (अपडेटांची वर्णनात्मक माहिती) निर्यात करून साठ्यासह माध्यमावरून आत नेण्याची सोय आहे. विकास थांबूनही अशा ठिकाणी ती टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण दिसते.

मोबाइल उपकरणे : येथे प्रश्न बराच आटोपशीर आहे. अ‍ॅप मुख्यतः निर्मात्याच्या दुकानातून येतात, अँड्रॉइडवर संस्थेची खासगी अ‍ॅपही व्यवस्थापित गूगल प्लेमधून दिली जातात. आयफोन व आयपॅडसाठी स्वतः बांधलेली अ‍ॅप एचटीटीपीएस सर्व्हरवर ठेवता येतात. तो बदलताना मॅनिफेस्टमधील पत्ते बदलावे लागतात.