छत्तीस दिवसांचा मोकळा पाउंड : १९४५ च्या ब्रिटिश-अमेरिकन कर्जकराराची पार्श्वभूमी

६ डिसेंबर १९४५ रोजी वॉशिंग्टनमध्ये सही झालेल्या कर्जकरारातले आकडे सरळ होते. युद्धकाळात अमेरिकेकडून ब्रिटनला उधारीवर मिळणारी लेंड-लीज मदत ऑगस्टमध्ये एकाएकी थांबली होती. तिचा शिल्लक हिशेब ६५ कोटी डॉलरवर मिटवायचा आणि वर ३७५ कोटी डॉलरचं नवं कर्ज द्यायचं, असं ठरलं. व्याज २ टक्के, हप्ते ५०, पहिला ३१ डिसेंबर १९५१ ला. पूर्ण कर्ज उचललं तर वार्षिक हप्ता सुमारे ११ कोटी ९३ लाख डॉलर. पहिल्या हप्त्यात साडेसात कोटी व्याज, उरलेलं मुद्दल. ब्रिटिश शिष्टमंडळ याहून मोठी रक्कम आणि तीही अनुदान म्हणून मिळेल या आशेने गेलं होतं, त्यामुळे लंडनमध्ये नाराजी होती. तरी दर आणि मुदत पाहता कर्ज महाग नव्हतं. खरी अडचण सातव्या कलमात होती.

त्या कलमाने परिवर्तनीयतेची अट घातली: करार अमलात आल्यापासून एका वर्षात स्टर्लिंग क्षेत्रातल्या (पाउंडात व्यवहार आणि गंगाजळी ठेवणाऱ्या) देशांना चालू व्यवहारांतून, म्हणजे रोजच्या व्यापारातून, मिळणारे पाउंड कुठल्याही चलनात वापरता आले पाहिजेत. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ठरलेल्या जागतिक चलनव्यवस्थेत युद्धग्रस्त देशांना असे निर्बंध निदान पाच वर्षं ठेवण्याची मुभा होती. ती सवलत ब्रिटनने कर्जापायी सोडली. घड्याळही आपल्या हातात ठेवलं नाही, कारण ‘अमलात येण्याची’ तारीख अमेरिकन काँग्रेसच्या मर्जीवर होती. लंडनच्या कनिष्ठ सभागृहात आठवड्याभरात ३४५ विरुद्ध ९८ मतांनी मंजुरी मिळाली. अनेक सदस्य तटस्थ राहिले. वॉशिंग्टनमध्ये सात महिने गेले. सिनेटमध्ये ४६ विरुद्ध ३४, प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध १५५. अध्यक्षांची सही १५ जुलै १९४६ ला झाली, म्हणून मुदत १५ जुलै १९४७.

‘परिवर्तनीय’ या शब्दाची गुंतागुंत इथून सुरू होते. पाउंड एकच असला तरी लंडनच्या बँकांत त्याची खाती वेगवेगळ्या जातींची होती: स्टर्लिंग क्षेत्राचं खातं, अमेरिकन खातं, हस्तांतरणीय खातं, एकेका देशाशी बांधलेलं द्विपक्षीय खातं. समजा, अर्जेंटिनाच्या मांस-निर्यातदाराला लंडनहून पाउंड मिळाले. अमेरिकन खात्यात वळते झाले की त्यांचे डॉलर होतात. तशी परवानगी नसेल तर ते ठरावीक देशांतच फिरतात. एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम हलवण्याची मुभा, हाच परिवर्तनीयतेचा व्यवहारातला अर्थ. १९४७ च्या पहिल्या सहामाहीत एकेक देश या सवलतीत घेतला गेला होता, त्यामुळे १५ जुलैला दार अचानक उघडलं असं नाही. आधीच किलकिलं होतं.

अट फक्त चालू कमाईसाठी होती, जुन्या साठ्यासाठी नव्हती. पण बँकेच्या टेबलावर या महिन्यात मिळालेला पाउंड आणि १९४४ चा पाउंड सारखेच दिसतात. चालू देणं कुठलं आणि भांडवल हलवणं कुठलं, हेही इनव्हॉइसवरून नेहमी कळत नाही. त्यात जगभर डॉलरची टंचाई, म्हणजे ज्याच्या हाती पाउंड तो ते डॉलरमध्ये बदलून घेणारच. १९४७ च्या कडक हिवाळ्यात कोळसाटंचाईने ब्रिटिश कारखाने बंद पडून निर्यात घटली होती. अमेरिकेने १९४६ च्या मध्यात किंमत-नियंत्रण ढिलं केल्यावर कर्जाच्या डॉलरांत मालही कमी येऊ लागला होता. २० ऑगस्टला ब्रिटनने परिवर्तनीयता स्थगित केली. तेव्हा ३७५ कोटींपैकी ४० कोटी डॉलरच शिल्लक होते.

अपयशाचं खापर बरेचदा फक्त अमेरिकेच्या हट्टावर फोडलं जातं. ते अर्धंच खरं आहे. युद्धकाळात साठलेल्या स्टर्लिंग शिलकांबद्दल, म्हणजे ब्रिटनने इतर देशांचे देणं असलेल्या पाउंडांबद्दल, दहाव्या कलमात नुसता इरादा होता: काही भाग लगेच मोकळा, काही १९५१ पासून हप्त्यांनी, काही माफ. ज्यांनी माफ करायचं ते भारत आणि इजिप्त वाटाघाटीत नव्हतेच. कर्जबाजारी माणूस आणि नवा सावकार यांनी जुन्या सावकारांच्या पैशावर परस्पर कलम लिहिलं होतं.

भारतापुरता हिशेब १४ ऑगस्ट १९४७ च्या तात्पुरत्या करारात दिसतो, म्हणजे मोकळ्या पाउंडाच्या त्याच छत्तीस दिवसांत. शिल्लक ११६ कोटी पाउंड. तेव्हाच्या एक शिलिंग सहा पेन्स दराने सुमारे १,५४७ कोटी रुपये. त्यातले साडेतीन कोटी पाउंड खर्चाला आणि तीन कोटी कामचलाऊ शिल्लक म्हणून क्रमांक १ च्या खात्यात. बाकी क्रमांक २ च्या खात्यात अडकलेले. क्रमांक १ मध्ये नवी कमाईही जमा होणार होती. जुने आणि नवे पाउंड वेगळे ठेवायची ही सोपी युक्ती सगळ्याच धनको देशांशी वर्षभर आधी झाली असती, तर गळती बरीच आटोक्यात राहिली असती. मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी तेव्हा मराठी माणूस होता: चिंतामणराव देशमुख. ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळातही ते होते आणि या शिलकांचा प्रश्न भारताने तिथेच मांडला होता. परिषदेने तो हातावेगळा केला नाही.

कराराचं दुसरं किचकट कलम व्याजमाफीचं. ब्रिटनचं निर्यात-उत्पन्न १९३६-३८ च्या सरासरी आयातीपेक्षा, म्हणजे ८६.६ कोटी पाउंडापेक्षा कमी पडलं, तर त्या वर्षीचं व्याज माफ. ही रक्कम किमतींप्रमाणे बदलायची, पण युद्धापूर्वीच्या आयातीचा निर्देशांक पुढे कसा ओढायचा हे कोणालाच धड जमेना. ब्रिटनने १९५६ मध्ये सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर केलेल्या हल्ल्यानंतर ते उघडं पडलं. नोव्हेंबरात पाउंड घसरत असताना अमेरिकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून पैसे मिळण्याची वाट अडवली. ब्रिटनने माघार कबूल केल्यावर डिसेंबरात ५६ कोटी डॉलर मोकळे झाले. १९५७ च्या दुरुस्तीने माफी जाऊन पुढे ढकलण्याचा हक्क आला: जास्तीत जास्त सात हप्ते, मुद्दल-व्याजासह, त्यावर पुन्हा २ टक्के.

ब्रिटनने १९७६ पर्यंत त्यातले सहा वापरले. १९५१ पासून मोजलं तर पन्नासावा हप्ता २००० सालच्या अखेरीस संपायचा. सहा वर्षं वाढली आणि ८ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये गेला.