दुसऱ्याच्या उपचारांसाठी पाय झिजवण्याची रीत

कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसा उभा करायचा, तर त्यासाठी कुणी बेचाळीस किलोमीटर धावायचे कशाला? सरळ देणगी मागितली तरी चालेल की. अनुभव मात्र उलटा आहे. नुसता हात पुढे केला तर जे मिळत नाही, ते दमलेल्या पायांना मिळते. ही रीत कुणी एका बैठकीत ठरवून सुरू केली नाही. निरनिराळ्या देशांत माणसांनी आपापल्या हिमतीवर ती करून पाहिली. वैद्यकीय संस्थांना तिचे मोल उमगले ते पुढे.

लोकांकडून छोट्या देणग्या गोळा करण्याची संस्थांची तयारी मात्र आधीपासून होती. पोलिओने पाय लुळे पडलेले अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये पोलिओविरोधी प्रतिष्ठान काढले. दहा सेंटचे नाणे थेट व्हाइट हाउसला पाठवा, असे आवाहन विनोदी कलाकार एडी कँटर यांनी रेडिओवरून केले आणि नाण्यांचा पाऊस पडला. १९५५ मध्ये जाहीर झालेल्या साल्क यांच्या पोलिओच्या लसीमागे याच प्रतिष्ठानचा पैसा होता. मोठ्या आजाराशी झुंजायला दोन-चार धनिकच लागतात असे नाही, हे तिथे सिद्ध झाले. देणाऱ्याला कष्ट मात्र पडत नव्हते.

कष्टांची जोड दिली ती कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर. रामोन रिवेरो हा तिथला लाडका विनोदी नट, रंगभूमीवरचे नाव ‘दिप्लो’. १९५३ मध्ये कर्करोगविरोधी संघटनेसाठी तो सान हुआनहून पोन्सेपर्यंत चालत गेला. अंतर सुमारे १३० किलोमीटर. आजच्या वॉकेथॉनचा, म्हणजे निधीसाठी चालण्याच्या उपक्रमांचा, आरंभ बरेच जण या पदयात्रेत पाहतात. लोकांना हसवणाऱ्या माणसाने त्यांच्याच दारावरून पाय ओढत जावे आणि लोकांनी खिशात हात घालावा, यातले नाट्य त्याला नक्कीच कळत असणार.

या रीतीला आजचा चेहरा दिला तो टेरी फॉक्स या कॅनेडियन तरुणाने. १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. रुग्णालयात त्याने सोबतच्या आजाऱ्यांचे, त्यातल्या लहान मुलांचे, हाल पाहिले. कृत्रिम पायाने न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी करणाऱ्या डिक ट्रॉम यांच्याविषयी त्याच्या वाचनात आले होते. १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्समध्ये अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून तो निघाला. जायचे होते पॅसिफिकपर्यंत. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. खुंटाला फोड यायचे, रक्त यायचे, कृत्रिम पाय मोडायचा. सोबतीला एक मित्र आणि एक गाडी. सुरुवातीला फारसे कुणी विचारले नाही. मग पोर्ट ओ बास्क या साधारण दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलरहून अधिक दिले. पुढे टेरीने आपले उद्दिष्टच वाढवले: कॅनडातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर.

१ सप्टेंबरला, १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावून झाल्यावर, थंडर बे शहराजवळ तो थांबला. कर्करोग फुफ्फुसांत उतरला होता. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या पुढे गेला, म्हणजे माणशी एक डॉलर भरला. जूनमध्ये, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, तो गेला. त्याच्या नावाने वार्षिक दौड भरवण्याची कल्पना हॉटेल व्यावसायिक इसाडोर शार्प यांची. पण तिच्यात स्पर्धा नको, विजेता नको, बक्षीस नको, हा आग्रह खुद्द टेरीचा. माझ्या मते त्याच्या धावण्याइतकीच ही अट मोलाची ठरली. एका पायावर देश ओलांडणे कुणाला जमणार? पण ज्या दौडीत हरायचेच नाही, तिच्यात आजीही येते आणि नातूही.

आवाक्यात येण्याची हीच गोष्ट १९८५ मध्ये गॉर्डी क्लॅट यांनी वेगळ्या वाटेने साधली. अमेरिकेतल्या टकोमाचे हे आतड्याच्या कर्करोगाचे शल्यचिकित्सक चोवीस तास स्टेडियमच्या धावपट्टीवर फेऱ्या मारत राहिले. अर्धा तास त्यांच्याबरोबर धावायचे किंवा चालायचे तर पंचवीस डॉलर. जमा झाले २७,००० डॉलर. कर्करोगाविरुद्ध निधी उभारणारा ‘रिले फॉर लाइफ’ हा उपक्रम यातूनच उभा राहिला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये क्रिकेटपटू इयन बोथम ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, संशोधनासाठी देशाच्या उत्तर टोकाच्या जॉन ओ’ग्रोट्सहून नैर्ऋत्य टोकाच्या लँड्स एंडपर्यंत चालले.

मग संस्थांनी हिशेब मांडला. १९८८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या एका मुलीच्या वडिलांनी, ब्रूस क्लेलंड यांनी, ३८ जणांची तुकडी न्यूयॉर्क मॅरेथॉनला उतरवली आणि ३ लाख २२ हजार डॉलर मिळवले. ‘टीम इन ट्रेनिंग’चा साचा इथे घडला: संस्था तुम्हाला प्रशिक्षक देणार, सराव करून घेणार, तुम्ही ठरलेली रक्कम गोळा करून आणायची. १९९३ पासून लंडन मॅरेथॉनने राखीव जागा संस्थांना विकायला सुरुवात केली. शर्यतीच्या प्रवेशाच्या सोडतीत नाव न लागलेला धावपटू संस्थेकडे जातो आणि किमान इतके पौंड आणीन असा शब्द देतो. आपला नंबर लागावा हा स्वार्थ त्यात असतोच; त्यात वावगे काही नाही. या शर्यतीतून आजवर एक अब्ज पौंडांहून अधिक निधी उभा राहिला आहे.

देणारे का देतात, याचा माग मानसशास्त्राने उशिरा घेतला. ऑलिव्होला आणि शफीर या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की मदतीच्या वाटेवर वेदना आणि मेहनत असेल, तर लोक जास्त द्यायला तयार होतात. दिप्लोला ते साठ वर्षे आधीच ठाऊक होते!

वेदनेचा हिशेब कधी अंगाशीही येतो. स्कॉटलंडच्या टेसाइड भागात, धर्मादाय निधीसाठी पॅराशूटने उडी मारताना जखमी झालेल्यांचा पाच वर्षांचा आढावा डॉक्टरांनी १९९९ मध्ये छापला. जमलेल्या दर पौंडामागे सरकारी आरोग्यसेवेला १३.७५ पौंड खर्च आला होता. अमेरिकेत एड्स आणि स्तनांच्या कर्करोगासाठी बहुदिवसीय सायकलफेऱ्या आणि पदयात्रा भरवणारी ‘पॅलोटा टीमवर्क्स’ ही कंपनी कोट्यवधी डॉलर आणत होती. पण आयोजनावरच्या खर्चाची ओरड झाली आणि २००२ मध्ये ती बंद पडली. याउलट १९८० मध्ये ३६ सायकलस्वारांनिशी सुरू झालेल्या ‘पॅन-मॅस चॅलेंज’ने खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजकांवर टाकला, आता स्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर डाना-फार्बर कर्करोग संस्थेला जातो.

पूर्वी ब्रिटनमध्ये शर्यत झाल्यावर, देणगीचा शब्द दिलेल्यांची कागदी यादी घेऊन पुन्हा दारोदार वसुलीला जावे लागे. २००१ मध्ये ‘जस्टगिव्हिंग’ हे देणग्या गोळा करणारे संकेतस्थळ आले आणि पैसे धावण्याआधीच खात्यात पडू लागले. त्याच संकेतस्थळावर २०२० च्या टाळेबंदीत टॉम मूर या माजी सैनिकाने शंभराव्या वाढदिवसाआधी बागेत शंभर फेऱ्या मारून सुमारे ३ कोटी ३० लाख पौंड मिळवले. ते आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांना मिळाले. त्यांच्या नावाने पुढे काढलेल्या वेगळ्या प्रतिष्ठानावर मात्र धर्मादाय संस्थांच्या नियामक आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, कुटुंबाला वैयक्तिक लाभ झाल्याचा ठपका ठेवला. फेऱ्यांतून जमलेला मूळ निधी त्या चौकशीच्या कक्षेत नव्हता.