स्नाफू
स्नाफू : अमेरिकन सैनिकी इंग्रजीत रूढ झालेला, गोंधळाची वा बिघडलेली परिस्थिती दर्शविणारा बोलीशब्द. ‘सिच्युएशन नॉर्मल, ऑल फाउल्ड अप’ या वाक्यातील आद्याक्षरे जोडून तो बनला, असे सामान्यतः सांगितले जाते. तथापि ‘फाउल्ड’ हे छापील लेखनासाठी केलेले सौम्य रूपांतर असून मूळ शब्द असभ्य होता, याविषयी कोशकारांत फारसा मतभेद नाही. उक्तीतील बोचरा उपरोध ‘नॉर्मल’ या पदात आहे : सारा बोजवारा उडाला आहे आणि हेच नित्याचे आहे, असा सैनिकांचा अभिप्राय त्यातून व्यक्त होतो.

शब्दाच्या उगमाविषयी एकमत नाही. काहींनी त्याचे श्रेय अमेरिकेच्या मरीन दलाला, तर काहींनी भूदलाला दिले आहे. लष्करी कारभारात आद्याक्षरी संक्षेपांचा सुळसुळाट झाला होता आणि सामान्य सैनिकांनी त्याच पद्धतीचे विडंबन करून असे शब्द घडविले, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. कारण ‘टारफू’ (‘थिंग्ज आर रिअली फाउल्ड अप’ची आद्याक्षरे), ‘फूबार’ इ. त्याच घाटाचे शब्द त्याच काळात पुढे आले. लिखित पुरावा १९४१ पासून मिळतो. तोंडी वापर त्याआधीचा असणे शक्य आहे. परंतु सैनिकी बोलीतील असभ्य शब्द छापले जात नसल्याने त्याचा काळ निश्चित करणे कठीण आहे. जून १९४२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने पेट्रोलचे रेशनिंग व रबराची सरकारी उचल यांतील गोंधळासाठी हा शब्द विशेषणासारखा योजला. यावरून वर्षभरातच तो नागरी लेखनात शिरला होता, असे दिसते.

त्याच्या प्रसारास ‘प्रायव्हेट स्नाफू’ या व्यंगपटमालेचाही (१९४३–४५) हातभार लागला असावा. सैनिकांना शिस्त, गुप्तता व आरोग्य यांचे धडे देण्यासाठी अमेरिकन लष्कराने ती काढली. चक जोन्स हे तिच्या दिग्दर्शकांपैकी एक होते आणि काही संहिता थिओडोर गायझेल (डॉ. स्यूस) यांनी लिहिल्या. आरंभीच्या पटात निवेदक शब्दाची फोड करताना ‘ऑल’पाशी अडखळतो आणि मग ‘फाउल्ड अप’ म्हणतो.

फूबारची व्युत्पत्ती अधिक वादग्रस्त आहे. ओळखू येणार नाही इतके बिघडलेले, अशा अर्थाच्या वाक्याची ती आद्याक्षरे मानली जातात. जर्मन ‘फुर्शटबार’ (भयंकर) या शब्दाचा अपभ्रंश सैनिकांनी उचलला आणि आद्याक्षरांची जुळणी मागाहून झाली, असाही एक तर्क आहे. ध्वनिसाम्य लक्षणीय असले, तरी दोहोंना जोडणारा लिखित दुवा नसल्याने हा तर्क दुर्बळ ठरतो. संगणकशास्त्रातील उदाहरणांत खऱ्या नावांच्या जागी योजली जाणारी ‘फू’ व ‘बार’ ही नमुना नावे फूबारशी जोडली जातात. मात्र एकटा ‘फू’ हा शब्द १९३० च्या दशकातील बिल होल्मन यांच्या ‘स्मोकी स्टोव्हर’ या चित्रमालिकेत आधीच आढळतो. त्यामुळे या नावांचे मूळ दुहेरी मानणे अधिक सयुक्तिक होय.

आज इंग्रजीत स्नाफू हा शब्द रोमन लिपीच्या लहान अक्षरांत, नाम व क्रियापद म्हणून लिहिला जातो. त्याचे असभ्य मूळ बहुतेकांच्या विस्मरणात गेल्यामुळे वृत्तपत्रे प्रशासकीय चुकीसाठी तो निःसंकोच वापरतात, तरी शब्दकोश त्यावर अनौपचारिकतेची खूण करतात. औपचारिक अहवालात तो टाळणेच इष्ट समजले जाते. फूबारला अशी मान्यता मिळालेली नाही, तर टारफू जवळजवळ लुप्त झाला आहे.