टाळू (डोक्याची)

कवटीच्या माथ्यावर ललाटास्थी (कपाळाचे हाड) व दोन पार्श्विकास्थी (माथ्याच्या दोन्ही बाजूंची हाडे) एकत्र येतात ती जागा. प्रौढ कवटीत हाडांच्या सांध्यांच्या रेषा, म्हणजे आडवी किरीट शिवण आणि मध्यरेषेतून मागे जाणारी बाणाकार शिवण येथे मिळतात. या बिंदूला ब्रेग्मा म्हणतात. हा शब्द ग्रीक असून ॲरिस्टॉटलच्या लेखनात आढळतो. कवटीमापनातील ठरीव बिंदू म्हणून त्याचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ पॉल ब्रोका यांच्या प्रभावाने, रूढ झालेला दिसतो.

नवजात बाळात या ठिकाणी हाड नसते. तेथे चिवट पटलाने झाकलेली, सुमारे ४ सेंमी. लांब व २.५ सेंमी. रुंद अशी पतंगाच्या आकाराची फट असते; पटलाखालून मोठी शिरानाल (अशुद्ध रक्ताची वाहिनी) जाते. बाळाच्या नाडीबरोबर टाळू उडते ती याच जागी. बहुधा दीड वर्षाच्या सुमारास ती हाडाने भरते, मात्र काही निरोगी मुलांत दोन वर्षेही लागतात. मागची त्रिकोणी टाळू दोन-तीन महिन्यांतच बुजते. प्रसूतीच्या वेळी बोटांना लागणाऱ्या या दोन आकारांवरून बाळाचे डोके कोणत्या बाजूला वळले आहे ते कळते.

आयुर्वेदातील अधिपती हे माथ्यावरचे मर्म (इजा झाल्यास घातक ठरणारी जागा) नेमके कोठे, यावर मतभेद आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, ते मस्तकाच्या आत वरच्या बाजूस, सिरा (रक्तवाहिन्या) व संधी यांच्या मिलनस्थानी सांगितले असून ‘रोमावर्त’ म्हणजे केसांचा भोवरा ही त्याची बाहेरची खूण दिली आहे. त्याची गणना सद्यःप्राणहर, म्हणजे इजा होताच प्राण घेणाऱ्या, मर्मांत होते. काही आधुनिक भाष्यकार ते ब्रेग्मापाशी मानतात, काही मागच्या संगमबिंदूपाशी, म्हणजे लॅम्ब्डापाशी. केसांचा भोवरा बहुतेकांत माथ्याच्या मागच्या भागात असतो, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय डोक्यावरील पाच संधींना सुश्रुत ‘सीमन्त’ हे वेगळे नाव देतो, त्यामुळे पुढच्या टाळूजवळच्या शिवणी त्याच्या वर्णनातून सुटत नाहीत. ऐतरेय उपनिषदात आत्मा ‘सीमा’ विदारून देहात शिरल्याचे वर्णन आहे. त्याचा संबंध पुढे ब्रह्मरंध्राशी, म्हणजे माथ्यावर मानलेल्या सूक्ष्म छिद्राशी, जोडला गेला. पण तेवढ्यावरून शारीरातील स्थान ठरवणे धाडसाचे होईल.

चरकसंहितेत जन्मानंतर बाळाची शिरस्तालु तेलाने भिजवलेल्या कापसाच्या पिचूने (बोळ्याने) झाकावी, असे सांगितले आहे. कोकण किनाऱ्यावर बाळाची टाळू भरतात ती याच जातीची रीत. नारळाच्या मुलखात त्यासाठी सहसा खोबरेल वापरले जाते. न्हाऊ घालताना आजी किंवा सुईण टाळूवर तेल थापते, मग वेखंडाची पूड लावून वर टोपरे किंवा कुंची चढवते. हलक्या हाताने लावलेल्या तेलाने पटलाला इजा होत नाही. मात्र टाळू बुजते ती हाडाच्या वाढीने, तेलाने नव्हे. जोर देऊन दाबण्याची गरज नाही.

टाळू खोल जाणे हे लक्षण जुन्या वैद्यांनाही ठाऊक होते. अष्टांगहृदयात तालुकंटक या विकारात माथ्यावर खोलगटपणा येतो असे म्हटले असून कारण तालुमांसातील प्रकुपित कफ दिले आहे. आज जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी घटणे हे त्याचे नेहमीचे कारण मानतात. अशा वेळी तेलाचा बोळा ठेवून वाट पाहू नये. बाळाला अंगावर पाजत, क्षारसंजीवनी देत दवाखान्यात न्यावे. उलट, बाळ शांत व बसते असतानाही टाळू फुगलेली व ताठ राहिली, त्यात ताप किंवा उलट्या असल्या, तर मेंदूच्या आवरणाचा दाह किंवा कवटीतील वाढलेला दाब असू शकतो व तातडीने तपासणी लागते. रडताना ती क्षणभर उचलली जाणे मात्र स्वाभाविक आहे.