घरची दारू, सेमिनरी हिल्स आणि जोड्यांचा एक दुकानदार

आमच्या लहानपणी नागपूरच्या महाल भागात दिवाळीच्या पंधरा दिवस आधीपासून पोट्ट्यांच्या हातात एक लोखंडी दांडा दिसायला लागायचा. टोकाला खोबण, त्यात चिमूटभर भुकटी, वर खिळा, आणि मग द्या आपटून भिंतीवर. ठाण्ण! त्याला सगळे नुसतं पोटॅश म्हणायचे, "काऊन बे, पोटॅश संपला का तुझा?" असं चालायचं, कान तासभर वाजत राहायचे आणि त्यातच मर्दुमकी वाटायची.

ती भुकटी म्हणजे क्लोरेट (जळायला ऑक्सिजन पुरवणारं रसायन) आणि गंधक. हे मिश्रण पेटवायलाच लागतं असं नाही, घासलं, दाबलं, आपटलं तरी जातं, आणि कधीकधी तर नुसतं ठेवलेलं असतानाही, कारण गंधकात थोडासा जरी आंबटपणा म्हणजे ॲसिड उरलेलं असलं तरी ते क्लोरेटला सुरू करून देतं. म्हणून तर २७ जानेवारी १९९२ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने हे मिश्रण बनवणं, बाळगणं, आणणं सगळंच बंद केलं. काडीपेटीचे गुल खरडून रॉकेट करणारे शाळकरी शास्त्रज्ञ अजूनही भेटतात, त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं, गुलातही क्लोरेटच असतं बाबा, आणि खरडणं म्हणजे घासणंच ना.

मजा अशी की या सगळ्याचं नियंत्रण करणारं देशाचं मुख्य हापिस आपल्याच गावात आहे. सेमिनरी हिल्सच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधलं पेसो, म्हणजे जुनं स्फोटक खातं, इंग्रजांनी १८९८ ला सुरू केलेलं. कायदा त्याहून जुना, १८८४ चा, आणि त्यात परवान्याशिवाय स्फोटक बनवायला मनाई आहे, मग ते सुरुंगाचं असो की दिवाळीचं, आणि १८ वर्षांखालच्याला तर बनवायची, बाळगायची दोन्हीची बंदी. "घरी थोडीशीच केली होती साहेब" याला त्यात जागा नाही. बरं आपल्या गावाचं दारूशी (पिण्याच्या नाही, उडवायच्या) नातं फक्त कागदाचं पण नाही, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी सैन्याची पिनाका रॉकेटं बनवते, अमरावती रोडला स्फोटकांचे कारखाने आहेत. १७ डिसेंबर २०२३ ला त्याच रोडवरच्या बाजारगावला स्फोटात ९ जण गेले, २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत किमान ८. परवाना घेऊन, शिकलेली माणसं कामाला ठेवून चालणाऱ्या ठिकाणी हे होतं, मग घराच्या गच्चीवर काय होणार.

आता रॉकेटच्या छंदाकडे येऊ, कारण तिथली गोष्ट जास्त शिकण्यासारखी वाटते मला. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचं वेडच लागलं. तळघरात, गॅरेजमध्ये, लोखंडी नळीत काहीबाही ठासून ठासून उडवायला लागले. नळी लोखंडाची असली की ती फुटली तर तिचेच तुकडे गोळीसारखे उडतात. आणि ती फुटते का, तर आत ठासलेल्या इंधनाला एक बारीकशी भेग जरी असली तरी जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, गॅस वाढतो, तोंडातून बाहेर पडायला वेळच मिळत नाही. भेग बाहेरून दिसत नाही हो, हीच तर गोची. बोटं गेली, डोळे गेले, काही पोरं जिवानिशी गेली.

याच्यावर उपाय सापडला तो एका जोड्यांच्या (चपला-बुटांच्या) दुकानदाराकडे! नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचा ऑर्व्हिल कार्लाइल, त्याला फटाक्यांचा शौक आणि भाऊ रॉबर्टला विमानांच्या मॉडेलचा, दोघांनी मिळून १९५४ ला कागदाचं, हलक्या लाकडाचं रॉकेट केलं, वर जाऊन पॅराशूटने खाली येणारं. पुढे त्यांनी ते हॅरी स्टाइन नावाच्या माणसाला पाठवलं, जो व्हाइट सँड्सच्या रॉकेट चाचणीच्या मैदानावर काम करायचा. स्टाइनने ओळखलं की इथं सगळी किल्ली एका वाटणीत आहे, म्हणजे इंजिन कारखान्याने भरायचं, पोराने फक्त रॉकेट करायचं. त्यातूनच १९५७ ला छंदाची राष्ट्रीय संघटना निघाली आणि मग सेफ्टी कोड आला: धातूचं अंग नको, काडीने पेटवायचं नाही, दुरून विजेच्या बटणाने, छोट्या इंजिनाला १५ फूट लांब, आणि नाही पेटलं तर मिनिटभर जवळ जायचं नाही.

हे शेवटचं मिनिट मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या गल्लीत ते कोणी पाळत नाही. अनार फुसका निघाला की दहा सेकंदांत कोणीतरी वाकतंच, "विझला का बघतो". आमच्या शेजारचा एक दादा असाच वाकला होता, भुवया जळल्या, डोळे वाचले, चार महिने त्याचा चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा.

आपल्याकडे मात्र ती वाटणी रुजलीच नाही, तयार इंजिनं गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत आणि घरी करायला कायदा नाही म्हणतो, मग पोरं मोबाइलवर बघून मधला रस्ता काढतात. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने बेरियम या विषारी रसायनाचे फटाके बंद केले, दिवाळीला रात्री ८ ते १० ची वेळ ठरवली, आपल्या गावच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने कमी धुराच्या ग्रीन फटाक्यांचा फॉर्म्युला दिला, सगळं लक्ष धूर आणि आवाजावर. आणि २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात काय आलं, तर कार्बाइड गन, कार्बाइडवर पाणी टाकून निघणारा गॅस पेटवणारी. प्लास्टिकच्या पाइपची, स्वस्तातली, कितीतरी मुलं भाजलेले डोळे घेऊन दवाखान्यात. वाजली नाही की पाइपात डोकावायचं, तेवढ्यात भडका. पुन्हा तेच मिनिट.

माझा पुतण्या आठवीत आहे, त्याने विचारलं, काका इंजिन कुठं मिळतं. म्हटलं नाही मिळत, चल पाण्याचं करू. कोल्डड्रिंकची दोन लिटरची बाटली, पाव भाग पाणी, सायकलचा पंप, लांब दोरी ओढून सोडायचं. रेशीमबागच्या मैदानात चांगलं चार माळे वर जातं, आम्ही दोघं भिजतो. फक्त बाटलीला चरा पडला की ती फेकायची, हा आमचा नियम, आणि तो त्याला अजून पटत नाही, प्रत्येक वेळी हात धरतो, काका एकदाच अजून उडू दे ना.