तायो आणि नेवार लोकांचे विधीतले सोन्याचे दागिने

नेवार म्हणजे काठमांडू खोऱ्यातले मूळचे लोक. काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही त्यांची जुनी शहरं, आणि त्यांच्या भाषेत सोन्याला लुँ म्हणतात. त्यांचे दागिने बघताना एक गोष्ट आधी डोक्यात ठेवावी लागते, की देवाचा दागिना वेगळा आणि माणसाचा वेगळा अशी भिंत तिथे फारशी नाहीच.

तायोचंच घ्या. छातीवर रुळणारा हा मोठा पोकळ दागिना आपल्याकडच्या ताईताच्या जातीतला, फक्त आकाराने कितीतरी थोरला, वरती उठावाचं काम आणि मधे खडे बसवलेले. तो देवीच्या मूर्तीला घालतात, जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या कुमारीच्या गळ्यात असतो, आणि नवरीही तोच घालते. कुमारीचे दागिने त्या मुलीच्या मालकीचे नसतात, ते पदाचे असतात, म्हणजे मुलगी वयात आली की ती पायउतार होते आणि दागिने पुढच्या कुमारीकडे जातात.

लहान मुलींचा इही हा विधी तर बघण्यासारखा असतो. वयात यायच्या आधी मुलीचं बेलफळाच्या साक्षीने सुवर्णकुमार या देवाशी लग्न लावतात, वडील कन्यादान करतात, आणि पाच-सात वर्षांच्या त्या पोरी लाल कपड्यांत, कपाळावर शिरबंदी, गळ्यात माळा अशा नटून ओळीने बसलेल्या असतात. देवाशी लागलेलं लग्न मोडत नाही, म्हणून पुढे नवरा वारला तरी ती पूर्ण विधवा होत नाही असं मानतात. मला तर या दागिन्यांचा सगळ्यात सुंदर अर्थ इथेच दिसतो.

खड्यांचं म्हणाल तर पैलूंपेक्षा रंगाला मान जास्त. खडे बहुतेक गुळगुळीत घासलेले, गोलसर, सोन्याच्या घरात बसवलेले. माणिक, मोती, पाचू वगैरे नवरत्नं आहेतच, पण जीव पोवळं आणि पिरोजावर. पोवळ्याला नेवारीत भिंपू म्हणतात. आता समुद्रापासून इतक्या लांब पोवळं आलं कुठून, तर व्यापारातून, कारण काठमांडू हे भारत आणि तिबेट यांच्या मधलं नाकं होतं, आणि नेवार व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तिबेटात ल्हासाला पेढ्या टाकून बसलेले होते.

घडवणारे मुख्यतः शाक्य आणि वज्राचार्य या बौद्ध नेवार जातींतले, पाटणच्या बहालांत म्हणजे जुन्या बौद्ध विहारांच्या चौकांत राहणारे. मूर्ती घडवणारे आणि दागिने घडवणारे हात याच घराण्यांतले, म्हणून दागिन्यावरचा नाग किंवा गरुड देवळाच्या दारावरच्या कोरीव तोरणावरून उतरून आल्यासारखा वाटतो. सगळंच काही भरीव सोनं नसतं, तांब्यावर किंवा चांदीवर पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा द्यायची पद्धत जुनी आहे, त्यात पाऱ्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसात जाते आणि ही किंमत कोणी मोजत नाही.

रत्नांची सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र दागिन्याची नाही, बंडीची आहे. नागराजाच्या राणीचे डोळे बरे केले म्हणून एका शेतकऱ्याला रत्नजडित भोटो, म्हणजे बंडी, मिळाला, तो भुताने पळवला आणि पुढे शेतकरी आणि भूत यांचं भांडण लागलं. पुरावा कोणीच देऊ शकलं नाही, म्हणून तो भोटो रातो मच्छिंद्रनाथ या पाटणच्या देवाच्या ताब्यात ठेवला. या देवाच्या रथयात्रेच्या शेवटी पाटणमधल्या जावलाखेलच्या मैदानात तो आजही चारही दिशांना फिरवून दाखवतात, खरा मालक पुरावा घेऊन पुढे यावा म्हणून.