आरशातला तारा

नौपाड्यात परवा एका क्लासचा फलक दिसला: मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन, मुलांची स्मरणशक्ती वाढवा. सोबत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारा मुलगा. नाकाशेजारच्या फटीतून दिसतं म्हणून ते वाचता येतं, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी कितीदा दाखवलंय, तरी पालक पैसे भरतात. मला त्याहून खटकतो तो 'स्मरणशक्ती' शब्द. जणू ती एकच टाकी आहे, भरली की झालं! तसं नसतं, हे मेंदूचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी पेन्सिल आणि आरसा वापरून सिद्ध केलं.

मिल्नर १९१८ साली मँचेस्टरला जन्मल्या. केंब्रिजला गणित शिकायला गेल्या आणि मानसशास्त्राकडे वळल्या. १९४४ मध्ये कॅनडात माँट्रियलला आल्या, तिथेच पीएचडी झाली.

हेन्री मोलेसन या तरुणाला फिट्स यायच्या. १९५३ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग, बराचसा काढला. फिट्स कमी झाल्या, बुद्धी शाबूत राहिली, लहानपणही आठवे. पण नवं काही टिकेना. मिल्नर वर्षानुवर्षं त्याला भेटत राहिल्या. त्याच्यासाठी त्या दर वेळी अनोळखीच.

त्यांनी त्याला दुहेरी रेषांचा तारा दिला. दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची, पण हात झाकलेला, बघायचं फक्त आरशात. आरशात पुढचं-मागचं उलटतं. डोळा सांगतो एक, हात जातो भलतीकडे, आणि ताऱ्याच्या टोकाशी पेन्सिल अडकून थरथरते. प्रत्येक चुकीगणिक मेंदू अपेक्षित आणि प्रत्यक्ष हालचालीतला फरक मोजतो, पुढची आज्ञा तेवढी सुधारतो. या कामात लघुमेंदू आणि मेंदूच्या आत खोलवर असलेले पेशींचे पुंजके, बेसल गँग्लिया, मुख्य. हिपोकॅम्पसवाचून ते चालतं. म्हणून तीन दिवसांत हेन्रीच्या चुका घटत गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याची रेघ सफाईदार होती, आणि हा तारा आपण आधी कधी काढलाय हेच त्याला ठाऊक नव्हतं! हाताला आठवत होतं, त्याला नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका आजींना सकाळी कोण येऊन गेलं ते सांगता येत नाही, पण उकडीच्या मोदकाच्या कळ्या त्या अजून न चुकता पाडतात. आता कळतं, कशा.

२०१४ मध्ये मिल्नर यांना मेंदूविज्ञानातला मानाचा कावली पुरस्कार मिळाला. तारा घरी काढून बघा, मुलांनाही द्या. पहिल्या दिवशी चिडचिड होईल. कागद जपून ठेवा, तिसऱ्या दिवशीच्या शेजारी ठेवायला.